बोडीतला पाहुणा आणि स्लॅबवरची छत्री

मी छत्री बोलतेय. पावसात उघडतात ती नव्हे. सानगडीत इश्वररावांच्या स्लॅबवर, पाण्याच्या टाकीशेजारी, आभाळाकडे तोंड करून बसलेली ती. दुकानात माझं नाव डिश अँटेना होतं. पण साकोलीहून मला मोटारसायकलवर आडवी धरून आणणाऱ्या गल्लीतल्या टेकचंदनं गावात शिरतानाच ओरडून सांगितलं, "छत्री आणली, छत्री!" तेव्हापासून तेच नाव पडलं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी आयुष्यात एकही कार्यक्रम पाहिलेला नाही. वरून जे येतं ते मी गोळा करते, नाकासमोरच्या डबीत घालते आणि काळ्या वायरीतून खाली पाठवते. खाली त्याचं चित्र होतं म्हणे. मला कळतं ते फक्त बघणाऱ्यांवरून. खाली हसले की विनोद झाला, कोणी नाक ओढलं की पडद्यावर कोणीतरी गेलं, आणि भांड्यांचा आवाज सुरू झाला की जाहिरात लागली. इतक्या वर्षांत माझा अंदाज सहसा चुकलेला नाही. चुकला तो एकदाच, आणि तीच गोष्ट मला सांगायची आहे.

माझ्या जन्माबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. कुठल्याशा कारखान्यात पत्रा दाबून मला खोलगट केलं, राखाडी रंग दिला आणि माझ्यासारख्याच बहिणींच्या थप्पीत ठेवलं. खरं आयुष्य सुरू झालं ते या स्लॅबवर. घरात इश्वरराव आणि त्यांच्या पत्नी कौशल्याबाई, मुलगा धनंजय आणि सून रीता. धनंजय साकोलीला एका कृषी केंद्रात कामाला जातो. सुरुवातीला सगळी गल्ली या घरात टीव्ही बघायला यायची. वांदरं माझ्यावर बसून गेली की चित्र जायचं, मग धनंजय वर चढून माझी मान इकडे तिकडे फिरवायचा. मानेला कळ लागायची, पण मान होता.

मग घरोघरी मोबाइल आले. जो तो आपापल्या कोपऱ्यात, कानात बोंडं घालून. खालचे आवाज हळूहळू थांबले. धनंजयच्या लक्षातही नसेल, पण पुढे पुढे मी दिवसचे दिवस कोणासाठीच काम करत नव्हते.

ते बदललं शेजारच्या केशवराव गुरुजींमुळे. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. त्यांच्या आणि आमच्या घराची भिंत एकच. लीलाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, काही चांगलंचुंगलं केलं की वाटी भिंतीवरून इकडे येते आणि इकडून भरून परत जाते. गुरुजींनी तरुणपणी एक कादंबरी लिहिली होती, ‘बोडीतला पाहुणा’. गावात त्यांनी घरोघरी प्रती वाटल्या होत्या. लोकांनी त्या आदरानं घेतल्या आणि आदरानंच ठेवून दिल्या. आमच्या घरातली प्रत सेटबॉक्स हलू नये म्हणून त्याच्याखाली होती.

दसऱ्याच्या सुमारास बातमी आली की त्या कादंबरीवर मालिका होतेय. दर रविवारी संध्याकाळी. गुरुजींच्या घरी टीव्ही नाही. वाचन होत नाही म्हणून त्यांनी घेतला नाही. मग ठरलं की कौशल्याबाईंकडे सगळ्यांनी मिळून बघायचं. आपल्या माणसाची गोष्ट एकेकट्यानं मोबाइलवर बघणं लोकांना बरं वाटेना. नाटकाला बसतात तसे सगळे सतरंजीवर येऊन बसले.

गोष्ट थोडक्यात अशी. तीनशे वर्षांनंतरचा काळ आहे. जगात धानाची एकच जात उरलीय आणि तिलाही रोग पडलाय. तिथला एक माणूस जुन्या धानाचं बी शोधायला मागं येतो आणि गावाच्या बोडीतून, म्हणजे शेताजवळच्या लहान तळ्यातून, बाहेर निघतो. तो येतो तो नेमका मंडईच्या दिवशी. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, तेव्हा घराघरात इतके पाहुणे असतात की कोण कोणाचा, हे कोणी विचारत नाही. विचारणं वाईट दिसतं. भविष्यातून आलेला माणूस त्या गर्दीत एका घरी जेवायला बसतो, आणि घरची बाई त्याला वाढते.

पहिल्या भागाला खाली नुसता गोंधळ होता.

"रोवणा पुढं पुढं चालत करून राहिल्या वं ह्या बाया!" शकुनबाई ओरडल्या. त्या समोरच्या घरच्या, आवाज दणदणीत. रोवणा म्हणजे धानाची लावणी, ती मागं मागं सरकत करतात. "सोताच लावलेलं धान तुडवून राहिल्या!"

"मुंबईचं धान असन थे," कोणीतरी म्हणालं.

मग पाहुणा बोडीतून निघाला असावा, कारण चिंधूनं प्रश्न काढला. चिंधू इश्वररावांचा जुना सोबती, दोघांच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, एकमेकांना लागून. "गुरुजी, हा पाण्यातून निंगाला तं ओला काहून नाही?"

दारापाशी बसलेले गुरुजी समजावून म्हणाले, "त्याच्या अंगावर कवच असते चिंधूभाऊ. त्याले पाणी चिकटत नाही."

"मंग कवच हाये तं थंडी काहून वाजून राहिली त्याले?"

पुस्तकात थंडी नव्हती, असं गुरुजी पुटपुटले. तेवढ्यात कौशल्याबाई एकदम मोठ्यानं हसल्या. बाकी कोणी हसलं नाही, त्या एकट्याच. मी मनाशी नोंद केली, विनोद झाला. माझा चुकलेला अंदाज तो हाच.

दुसऱ्या रविवारी जुन्या लोकांना एक आठवण झाली. अशी गोष्ट गावात खरंच घडली होती. खूप वर्षांमागे मंडईला एक माणूस आला होता, पांढरा सदरा, हातात पिशवी. इश्वररावांकडे तो दोन-तीन दिवस राहिला. इश्वररावांना वाटलं, कौशल्याच्या माहेरचा असेल. कौशल्याबाईंना वाटलं, यांच्या मामाकडचा असेल. जाताना त्यानं इथल्या चिन्नोर धानाचं मूठभर बी मागितलं, ते कौशल्याबाईंनी फडक्यात बांधून दिलं. तो गेल्यावर दोघांनी एकमेकांना विचारलं, आणि तो कोणाचाच नव्हता! गाव तेव्हा किती दिवस हसलं होतं. तरुण केशवराव मास्तरही हसले, आणि मग घरी जाऊन विचार करत बसले की तो आला कुठून असेल. त्यातून कादंबरी झाली.

"म्हंजे थे बाई तूच होय ना कौशल्या!" शकुनबाई म्हणाल्या. कौशल्याबाई लाजल्या, खूश झाल्या. त्या रविवारी सगळ्यांना चहा झाला.

पुढच्याच्या पुढच्या भागात गाणं लागलं. मला आधी जाहिरात वाटली, पण भांडी वाजेनात. खाली इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. पडद्यावर काय चाललं होतं ते मला दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बोलण्यावरून कळलं. ती बाई आणि तो पाहुणा चांदण्यात एकमेकांचा हात धरून बोडीच्या पाळीवर, काठच्या बांधावर, फिरत होते. आणि खाली सगळी गल्ली कौशल्याबाईंकडे बघावं, की गुरुजींकडे, की जमिनीकडे, अशी बसली होती. गुरुजी खोकले. कौशल्याबाई "दूध उतू चाललं" म्हणून उठल्या. त्या वेळी त्या घरात चुलीवर दूध नसतं, हे मलासुद्धा माहीत आहे.

सकाळी नळावर शकुनबाईंनी विचारलं, "काय बाई, चिन्नोरच देल्लं होतं का पाहुण्याले, का अजून काही?" बायका हसल्या. शकुनबाईंच्या मनात वाईट नव्हतं, थट्टा होती. पण एका घरातली थट्टा दुसऱ्या घरात पोचेपर्यंत तिचा रंग बदलतो. खरंच दोन-तीन दिवस राहिला होता ना तो? मग कोणाचा होता? असं लोक एकमेकांना विचारायला लागले. सत्तरीला आलेल्या बाईला गल्लीतून जाताना पदर सारखा करावासा वाटू लागला.

त्याहून वाईट म्हणजे इश्वरराव बोलेनासे झाले. धानाच्या कापणीचे दिवस. ते सकाळीच भाकरी बांधून बांधीवर निघून जायचे, संध्याकाळी येऊन ओट्यावर एकटेच जेवायचे आणि मग वर येऊन माझ्या बाजूला बिडी ओढत बसायचे. कौशल्याबाईंना वाटलं, यांना संशय आला. एवढा संसार झाल्यावर, नातवंडांची वाट बघायच्या वयात. त्या विचारू शकत नव्हत्या, कारण विचारलं तर संशयाला नाव मिळेल. मी दोघांच्या मध्ये एका स्लॅबइतक्या अंतरावर होते आणि काही करू शकत नव्हते. मला फार वाईट वाटत होतं.

गुरुजी एकदा फाटकाशी आले. कौशल्याबाईंनी फाटक उघडलं नाही.

"माह्या हातचं जेवून तुमी हे लिवलं, गुरुजी?"

"वहिनी, मी नाही लिवलं. थे टीव्हीवाल्यायनं आपल्या मनानं टाकलं."

"पुस्तकात नाही?"

"एक शबुद नाही."

"मंग लोकायले सांगा ना!"

"सांगून राहिलो. पण पुस्तक वाचलं कोणं, वहिनी?"

गुरुजी गेले. भिंतीवरची वाटी त्या आठवड्यात आली नाही, गेली नाही. कौशल्याबाईंनी धनंजयला वर पाठवलं. "थे छत्री काढ. मले घरात नोको थे."

धनंजयनं माझे बोल्ट सैल केले, वायर ओढली आणि मला टाकीशेजारी उताणी ठेवली. मी बडबडी नाही, पण वायरीशिवाय मी म्हणजे नुसता पत्रा. दोन दिवसांनी कौशल्याबाईंनी माझ्यात जुनं लुगडं अंथरून लाखोरीच्या डाळीच्या वड्या वाळत घातल्या. उन्हात वड्या चांगल्या वाळल्या. म्हटलं, आता हेच.

रीता मुकाट्यानं सगळं बघत होती. तिनं एका दुपारी सेटबॉक्स उचलला आणि खालचं पुस्तक झटकून वर घेऊन आली. "आई, तुम्ही वड्या परता, मी वाचते." कौशल्याबाईंना लांबचं दिसतं, जवळचं अक्षर दिसत नाही. आधी नको नको म्हणाल्या. मग बसल्या.

अशा रीतीनं मी आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट सुरुवातीपासून ऐकली. प्रामाणिकपणे सांगते, पुस्तक सगळंच काही गोडीचं नाही. पाहुण्याच्या यंत्राचं वर्णन पानंच्या पानं चालतं. "हे सोड, म्होरं वाच," कौशल्याबाई म्हणायच्या. आणि त्यातली बाई लठ्ठ, एक दात पडलेली, सतत पाहुण्यांवर ओरडणारी.

"मी इतकी जाडी होती का वं?"

"गोष्ट आहे आई."

"पण दात तं माहा तवाच पडला होता," त्या म्हणाल्या, आणि बऱ्याच दिवसांनी थोडं हसल्या.

चांदणं नव्हतं. पाळीवरचं फिरणं नव्हतं. बाई पाहुण्याला फक्त दोनच गोष्टी विचारत होती, भात घेता का आणि भाजी वाढू का. कौशल्याबाईंच्या मनावरचं ओझं उतरत चाललेलं मला जाणवत होतं, पण पुरतं नाही. कारण ज्यानं हे ऐकायला हवं तो बांधीवर होता.

त्या दिवशी तो लवकर आला. इश्वरराव जिन्यात थांबले होते. चपलेचा आवाज वर येता येता मध्येच थांबला, तो मी ऐकला. रीता वाचत होती: "घरधन्यानं आपली खाट पाहुण्याला दिली आणि घोंगडी घेऊन तो गोठ्यात झोपायला गेला. पाहुण्याच्या यंत्रानं त्या घरातली ऊब मोजून पाहिली. सर्वांत जास्त ऊब गोठ्यातून येत होती."

"पुन्हा वाच," जिन्यातून आवाज आला.

रीतानं पुन्हा वाचलं. इश्वरराव वर आले आणि टाकीला टेकून खाली बसले. "म्हंजे मी हाव पुस्तकात?"

"म्हंजे?" कौशल्याबाई म्हणाल्या.

"टीव्हीत तं मी मेलो ना! पयल्याच भागात. भिंतीवर फोटो, फोटोले हार. चिंधू बांधीवर रोज इच्यारते, काय इश्वरभाऊ, कवा मेला बाप्पा तू? पाहुण्याले खाट देल्ली मी. थंडीत गोठ्यात झोपलो मी. अन् मलेच मारून टाकलं." ते थांबले. "थेही जाऊ दे. पण थो हारवाला फोटो आला अन् तू हासली. सबन घरात तू एकटीच हासली. गोष्ट आपली हाये हे समजल्यावर थेच आठवून राहिलं मले."

कौशल्याबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "म्हून बोलत नव्हते तुमी?"

"मंग कायच्यासाठी?"

"मले वाटलं…" त्यांना काय वाटलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही. पदरानं डोळे पुसले. "अजी, थ्या फोटोतल्या माणसाच्या मिशा पाहिल्या का तुमी? चिपकवलेल्या. एका बाजूनं उपटून आल्या होत्या. थे पाहून हासली मी! तुमी मेल्यावर मी हासन का?"

मी इतके दिवस समजत होते की विनोद झाला. विनोदच झाला होता, पण तो एका माणसाला लागला होता, आणि ते वरून मला कळायला मार्ग नव्हता.

दुसऱ्या दिवशी मला पुन्हा उभं केलं ते इश्वररावांनी स्वतः. लुगडं, वड्या बाजूला झाल्या. मालिकेचा शेवटचा भाग आमच्या मंडईच्याच रविवारी आला होता. घर पाहुण्यांनी भरलेलं, सतरंजी ओट्यापर्यंत. कौशल्याबाई स्वतः जाऊन गुरुजींना आणि लीलाबाईंना घेऊन आल्या. गुरुजी यायला तयार नव्हते. "चला जी," त्या म्हणाल्या, "टीव्हीवाल्यायले काय टाकायचं थे टाकू द्या. पुस्तक मी आयकलं."

शेवट फार गाजला. पुस्तकात पाहुणा बी घेऊन एकटा परत जातो. मालिकेत ती बाई त्याच्याबरोबर बोडीत उतरून तीनशे वर्षं पुढं निघून गेली. तरुण पोरींनी टाळ्या वाजवल्या. शकुनबाई म्हणाल्या, "गेली तं गेली, जनावरायले चारा कोण टाकन?" चिंधूला एकच शंका होती, की पाण्यात बी भिजलं असेल तर तिकडे जाऊन उगवणार कसं. गुरुजी म्हणाले, "कवच असते." सगळे हसले, गुरुजीही.

तेवढ्यात एक आवाज आला. रीताचे मामा चंद्रकुमार, अड्याळहून मंडईला आलेले. त्यांनी हा एकच भाग बघितला होता आणि त्यांना गावातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी सरळ मनानं विचारलं, "पण ह्या बाईचा घरवाला कायनं मेला होता जी?"

खाली पुन्हा तशीच शांतता पसरली. तशी शांतता मी एकदाच ऐकली होती, म्हणून माझा पत्रा गार पडला.

"मेला कोण म्हणते?" कौशल्याबाईंचा आवाज सगळ्या घराला ऐकू गेला. "थो पाहा, तुमच्यासमोर पाणी घेऊन उभा हाये."

मग इश्वररावांचा आवाज आला.

"पाणी घ्या जी, चंद्रकुमारभाऊ. मेलेल्या माणसाच्या हातचं हाये, पण थंड हाये."

पहिलं हसणं कोणाचं होतं, ते सांगते. इश्वररावांचंच. त्यांच्यामागून कौशल्याबाई, आणि मग सगळं घर असं हसलं की माझ्या बोल्टमध्ये थरथर आली. चंद्रकुमार मामा मात्र पेला हातात धरून विचारत राहिले की झालं तरी काय.

आता मंडई संपली. गुरुजींच्या कादंबरीची आमची प्रत गल्लीत या घरातून त्या घरात फिरतेय. लोक यंत्राची पानं गाळून वाचतात, हे गुरुजींना कोणी सांगितलेलं नाही. धनंजयनं घरात वायफायची वायर घ्यायचं ठरवलंय. ती आली की मला खाली घेतील. त्याचं मला फार दुःख नाही. वड्या वाळवायला मी चांगली आहे, हे सिद्ध झालंच आहे.

फक्त तुमच्याकडे एक मागणं आहे. बघताना बोला. आवडलं नाही तर ओरडा, रोवणा उलटा चालला असेल तर सांगा, आणि हसलात तर शेजारच्याला कशासाठी हसलात तेही सांगा. कानात बोंडं घालून आपलं आपलं बघू नका. कारण तुमच्या शेजारी बसलेला माणूस पडद्यावर मेलेला असू शकतो, आणि तो जिवंत आहे हे त्याला तुमच्याशिवाय दुसरं कोणी सांगणार नाही.